जर्मनीत मतदारसंघ जिंकूनही खासदार होता येत नाही, हे काय गौडबंगाल?

नेकारकाठी (शनिवार, २४ मे २०२५)

फेब्रुवारीच्या २३ तारखेला इथे बुंडेस्टागची, म्हणजे आपल्या भाषेत लोकसभेची, निवडणूक झाली. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या मतदारसंघात सीडीयूचा उमेदवार पहिला आला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आणि खाली बातमी : जिंकला, पण संसदेत जाणार नाही. कोर्टकचेरी नाही, अपात्रता नाही, कायदाच तसा आहे. अख्ख्या देशात असे २३ जण निघाले : सीडीयूचे १५, एएफडीचे ४, सीएसयूचे ३ आणि एसपीडीचा एक. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "मग निवडणूक घेतली कशाला?"

नागरिकत्व घेतल्यानंतरचं माझं हे पहिलंच मतदान, त्यामुळे मीही जरा खोलात गेलो. समजलं ते लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

मतपत्रिका एकच, पण तिच्यावर दोन रकाने. डावीकडे काळ्या अक्षरांत उमेदवार, उजवीकडे निळ्या अक्षरांत पक्ष. दोन्हीकडे एकेक फुली मारायची. पहिलं मत आपल्या मतदारसंघातल्या माणसाला. असे २९९ मतदारसंघ आहेत. दुसरं मत पक्षाने त्या राज्यात जाहीर केलेल्या यादीला. कोणत्या पक्षाला संसदेत किती जागा, हे फक्त दुसऱ्या मतांवर ठरतं. पहिल्या मतांनी एवढंच ठरतं की त्या जागांवर आधी कोण बसणार.

पूर्वी यात एक पळवाट होती. समजा एखाद्या पक्षाला दुसऱ्या मतांनुसार ४० जागा मिळायला हव्यात, पण त्याचे ४५ उमेदवार मतदारसंघांत जिंकले. तर ते पाचही जण संसदेत जायचे. मग बाकीचे पक्ष म्हणायचे, आमचं प्रमाण बिघडलं. म्हणून २०१३ पासून त्यांनाही भरपाईच्या जागा द्यायला सुरुवात झाली. परिणाम काय? कायद्यात आकडा ५९८ आणि प्रत्यक्षात २०१७ ला ७०९, २०२१ ला ७३६ खासदार! शेवटी २०२३ मध्ये कायदा बदलला. आता ६३० म्हणजे ६३०. ज्या पक्षाचे जास्त उमेदवार जिंकतील, त्यांच्यातले सगळ्यात कमी टक्के मतं घेऊन जिंकलेले गळणार. मोठ्या शहरांतल्या तिरंगी-चौरंगी लढतींत पंचवीस-तीस टक्क्यांवर जिंकलेल्यांना याचा जास्त फटका बसला. काही मतदारसंघांतून तर कुठल्याच पक्षाचा एकही खासदार गेलेला नाही.

मला स्वतःला हा बदल योग्य वाटतो. पण तीन महिने झाले, ऑफिसातले जर्मन सहकारी अजून यावर भांडतायत.

झणझणीत

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

आकडेमोड्या

धागा आवडला. बँकेतून निवृत्त झालो तरी आकडे दिसले की हात शिवशिवतात. ६३० जागा नेमक्या कशा वाटतात ते पाहिलं. पद्धतीला सेंट-लाग्वे असं फ्रेंच नाव आहे, पण काम सरळ भागाकाराचं आहे. पक्षाच्या मतांना एका ठरावीक आकड्याने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्यायचं. भाजक असा निवडायचा की सगळ्यांची बेरीज बरोबर ६३० येईल.

या वेळी ६८,१०० हा भाजक चालतो. बव्हेरियातल्या सीएसयूची (सीडीयूचा तिथला जोडीदार पक्ष) मतं २९,६४,०२८. भागाकार ४३.५२, म्हणजे ४४ जागा. सीडीयूची १,११,९६,३७४. भागाकार १६४.४१, म्हणजे १६४. एकाला वरचा पूर्णांक मिळाला, दुसऱ्याचे .४१ वाया गेले. एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन्स ८५, डी लिंक (डावा पक्ष) ६४, आणि शेवटचा एक खासदार एसएसडब्ल्यूचा. बेरीज करून पाहा, ६३० येते.

आता गंमत बघा. बव्हेरियात मतदारसंघ ४७ आणि सगळेच्या सगळे सीएसयूने जिंकले. जागा मात्र ४४. तीन जण घरी! यादीतल्या लोकांचा तर नंबरच लागला नाही.

रच्याकने, एसएसडब्ल्यूला देशभरात पाऊण लाखाच्या आसपास मतं आहेत. तरी त्यांचा खासदार आणि लाखो मतंवाल्या एफडीपीचा शून्य, हे कसं?

नेकारकाठी

काका, भागाकार करून दाखवलात त्याबद्दल दंडवत!

एसएसडब्ल्यू हा उत्तरेला डेन्मार्कच्या सीमेवर राहणाऱ्या डॅनिश आणि फ्रिजियन लोकांचा पक्ष. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना पाच टक्क्यांची अट नाही. बाकी सगळ्यांना आहे. देशभरात पाच टक्के दुसरी मतं मिळवा नाहीतर तीन मतदारसंघ जिंकून दाखवा, तरच वाटपात नाव. २०२१ ला डी लिंकला ४.९ टक्के मतं होती, पण बरोबर तीन मतदारसंघ जिंकले आणि पूर्ण हिश्शाच्या ३९ जागा मिळाल्या.

२०२३ च्या कायद्याने ही तीन मतदारसंघांची सोय काढूनच टाकली होती. त्यात सीएसयू धास्तावली. हा पक्ष फक्त बव्हेरियात लढतो आणि देशाच्या हिशेबात पाच-सहा टक्क्यांवरच असतो. थोडा घसरला असता तर चाळीसेक मतदारसंघ जिंकूनही शून्य जागा! प्रकरण कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेलं. ३० जुलै २०२४ ला निकाल लागला : जिंकलेला उमेदवार गळणं घटनेला धरून आहे, पण पाच टक्क्यांची अट कुठल्याही सवलतीशिवाय लावणं नाही. नवा कायदा होईपर्यंत तीन मतदारसंघांचा नियम चालू ठेवा.

थेम्सतीरी

वीस-बावीस वर्षं लंडनच्या बाहेर राहतोय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे हे असलं काही नाही. मतदारसंघात पहिला आला तो खासदार. शुक्रवारी बहुतेक जण मतदारसंघात असतात, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर वाचनालयात भेटतात. माझ्या शेजाऱ्यांच्या व्हिसाचं काम अशा भेटीतूनच मार्गी लागलं. खासदाराला माहीत असतं की या लोकांनी मला पाठवलंय. यादीवरून आलेल्या माणसाला कोणी पाठवलं? पक्षाने. तो कोणाला घाबरणार? पक्षाला.

जर्मनीत त्या मतदारसंघातल्या लोकांनी एक माणूस निवडला आणि कायद्याने त्याला परत पाठवला. ही लोकशाहीची सुधारणा कशी काय?

नेकारकाठी

थेम्सतीरी, मग तुमच्याकडचा जुलै २०२४ चा निकालही सांगा की. लेबरला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी चारशेच्या वर जागा. रिफॉर्म यूकेला १४ टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा पाच. तो पक्ष मला अजिबात आवडत नाही, पण चाळीस लाख लोकांच्या मताची किंमत पाच खुर्च्या?

आपल्या लोकसभेतही २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या होत्या. काँग्रेसच्या काळातही हेच व्हायचं, म्हणून हा मुद्दा पक्षाचा करू नये.

आणि 'लोकांनी निवडलेला माणूस' म्हणताना हेही बघा, की आमच्या इथे तो तीसएक टक्क्यांत जिंकला. सत्तर टक्के लोकांनी दुसऱ्याला मत दिलं होतं.

थेम्सतीरी

आकडे मान्य. पण तुम्ही पक्षांचा न्याय मोजताय, मी माणसाचा. ज्या मतदारसंघातून एकही खासदार गेला नाही तिथल्या म्हातारीने पेन्शनचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? शेजारच्या मतदारसंघातल्या खासदाराकडे? तो म्हणेल, बाई, तुम्ही माझ्या नाहीत.

नेकारकाठी

हा मुद्दा बिनतोड आहे. इथेही याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. सीडीयू-सीएसयू आणि एसपीडीच्या नव्या सरकारने कायद्याकडे पुन्हा बघायचं ठरवलंय. पण ६३० चा आकडा, अचूक प्रमाण आणि प्रत्येक मतदारसंघाला खासदार या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. एक सोडावीच लागते. मतदारसंघांची संख्या कमी करा म्हटलं की ज्याचा मतदारसंघ जाणार तोच पहिला विरोध करतो.

एमपीएससी_वारी

नमस्कार. मुख्य परीक्षेची तयारी करतेय, तुलनात्मक शासनपद्धतीसाठी धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. 'रचनात्मक अविश्वास ठराव' असं पुस्तकात दोन ओळींत उरकलंय. कुणी नीट सांगेल का? आणि हे महिन्याच्या सुरुवातीला चान्सलरपदाचे, म्हणजे तिथल्या पंतप्रधानपदाचे, उमेदवार फ्रिडरिश मेर्त्स पहिल्या मतदानात हरले, म्हणजे नेमकं काय झालं?

वकिलीणबाई

वारी, हे जरा मागून सांगावं लागेल. चहा घेऊन बस.

१९१९ च्या वायमार घटनेत संसदेला सरकार पाडता येत होतं, पण पर्याय देण्याची सक्ती नव्हती. निवडणूक जवळजवळ शुद्ध प्रमाणात, दर साठ हजार मतांमागे एक जागा, पाच टक्क्यांसारखी अट नाही. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझींना २३० आणि कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या. ६०८ जणांच्या सभागृहात दोघे मिळून बहुमत! हे दोन पक्ष एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले, एकत्र सरकार बनवणं अशक्य. पण कोणतंही सरकार पाडायला मात्र एकत्र यायचे. १२ सप्टेंबर १९३२ ला चान्सलर पापेन यांच्याविरुद्धचा ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला. तोवर कारभार संसदेऐवजी राष्ट्राध्यक्षांच्या कलम ४८ खालच्या आणीबाणीच्या हुकमांवरच चालू होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

१९४८-४९ मध्ये बॉनला ज्यांनी नवी घटना लिहिली त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. २३ मे १९४९ ला जाहीर झालेल्या मूलभूत कायद्यात म्हणून कलम ६७ आलं. चान्सलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात, त्याच मतदानात, बहुमताने नवा चान्सलर निवडायचा. हाच रचनात्मक अविश्वास ठराव : नुसतं 'हा नको' चालत नाही, 'हा हवा' म्हणावं लागतं. राष्ट्राध्यक्षाचे दातही काढून टाकले.

आजवर हा ठराव फक्त दोनदा आला. २७ एप्रिल १९७२ ला सीडीयूचे राइनर बार्झेल यांनी चान्सलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध आणला. २४९ मतं हवी होती, २४७ मिळाली. पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने मत विकत घेतल्याचं नंतर उघड झालं. सीडीयूच्या एका खासदाराने पन्नास हजार मार्क घेतल्याची कबुली दिली होती. आमदार फुटणं, पेट्या, हे फक्त आपल्याकडेच असतं असं समजू नका. दुसऱ्यांदा १ ऑक्टोबर १९८२ ला. एफडीपीने बाजू बदलली, हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. स्पेनने हीच तरतूद उचलली आणि २०१८ मध्ये तिथे पंतप्रधान राहॉय जाऊन सांचेझ आले ते याच मार्गाने.

मेर्त्स यांचं प्रकरण वेगळं, कलम ६३ चं. आपल्याकडे राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात आणि मग ते सभागृहात विश्वास सिद्ध करतात. तिथे नेमणुकीआधीच सभागृह चान्सलर निवडतं, तेही गुप्त मतदानाने. ६३० पैकी ३१६ मतं हवीत. युतीकडे ३२८ होती. ६ मे रोजी पहिल्या फेरीत ३१० पडली. १९४९ पासून असं कधीच झालं नव्हतं. त्याच दिवशी दुपारी दुसरी फेरी घेतली आणि ३२५ मतांनी निवडून आले. ती फेरी त्याच दिवशी घ्यायची तर नियमाला बगल द्यायला दोन तृतीयांश मतं लागत होती, म्हणजे ग्रीन्स आणि डी लिंकला विनंती करणं आलं. डी लिंकबरोबर सहकार्य करायचं नाही असा सीडीयूचाच ठराव आहे!

झणझणीत

म्हणजे १८ जण फुटले, आणि कोण ते अजून कळलं नाही? आपल्याकडे असते तर संध्याकाळपर्यंत चॅनेलांवर नावांसकट पट्टी फिरली असती आणि रात्री हॉटेलची बुकिंग रद्द.

असो. २०२२ ला महाराष्ट्रात हे कलम ६७ असतं तर सरकार पडलं असतं का? उत्तर द्याच.

संपादक

सदस्यांना विनंती : महाराष्ट्राच्या राजकारणावर वेगळे धागे आहेत. इथे तुलनेपुरताच उल्लेख करावा. पक्षीय चिखलफेक दिसल्यास प्रतिसाद उडवले जातील.

वकिलीणबाई

तुलनेपुरतंच लिहिते. २०२२ मध्ये पर्यायी नेता आणि आकडे दोन्ही तयार होते, तेव्हा नुसत्या कलम ६७ ने सरकार वाचलं नसतं. फरक दुसरीकडे पडला असता. तिथे बहुमत चाचणीचा आदेश द्यायला राज्यपाल नाही. आपल्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला म्हटलं की राज्यपालांनी चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येणार नाही. 'चाचणी कोणी मागायची' हा प्रश्नच जर्मनीत उद्भवत नाही. आणि तिथे पक्षांतरबंदी कायदाही नाही. कलम ३८ नुसार खासदार फक्त स्वतःच्या सदसद्विवेकाला बांधील. पक्ष सोडला तरी खुर्ची त्याचीच, मग तो यादीवरून आलेला का असेना. ही तरतूद मला स्वतःला फार पटत नाही. यादीच्या जोरावर आलेल्याने यादी सोडली की जागाही सोडावी.

खरी तुलना १९९९ ची आहे. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं आणि पर्यायी सरकार कुणालाच बनवता आलं नाही. देशाला पुन्हा निवडणूक. तो विश्वासदर्शक ठराव होता. जर्मनीत कलम ६८ खाली असा ठराव हरलेला चान्सलर लगेच घरी जात नाही. त्याला फक्त राष्ट्राध्यक्षांकडे संसद विसर्जित करण्याची मागणी करता येते. त्याच वर्षी आपल्या विधी आयोगाने १७० व्या अहवालात रचनात्मक अविश्वास ठरावाची शिफारस केली, आणि लोकसभेत सुमारे पाव जागा वाढवून त्या यादीपद्धतीने भराव्यात असंही सुचवलं. अहवाल धूळ खात आहे.

आकडेमोड्या

वकीलताई, प्रमाणशीर पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेला पसंतीक्रम, कोटा, दुसऱ्या पसंतीची मतं हे सगळं असतंच. जून २०२२ ची राज्यसभेची सहावी जागा आठवा. आयर्लंड आणि माल्टात तर याच पद्धतीने सामान्य लोक संसद निवडतात. आपल्याकडे आमदारांना जमतं, तर लोकांना जमणार नाही असं का धरून चालायचं? (आमदारांचीही मतं बाद होतात, ते सोडा.)

नेकारकाठी

कलम ६८ चा विषय निघाला आहे तर सांगतो. ते इथल्या राजकारणातलं सगळ्यात विनोदी नाटक आहे. बुंडेस्टागला स्वतःला विसर्जित करता येत नाही, चान्सलरलाही हुकूम देता येत नाही. मुदतपूर्व निवडणूक हवी तर चान्सलरने विश्वास मागायचा आणि ठरवून हरायचं! कोल यांनी डिसेंबर १९८२ मध्ये हेच केलं, नुकतंच बहुमत मिळवलेलं असताना. श्रोएडर यांनी २००५ मध्ये केलं. दोन्ही वेळा लोक कार्ल्सरूहला गेले आणि न्यायालयाने चालू दिलं. आता मेर्त्स यांच्या आधीचे चान्सलर शोल्झ. ६ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं, युती मोडली, १६ डिसेंबरला विश्वास मागितला : बाजूने २०७, विरुद्ध ३९४, तटस्थ ११६. खरंच अल्पमतात होते, त्यामुळे या वेळी नाटक नव्हतं.

अजून एक किस्सा, काकांसाठी. २००५ मध्ये ड्रेस्डेनच्या एका मतदारसंघात उमेदवाराच्या मृत्यूमुळे मतदान दोन आठवडे उशिरा झालं. तोवर बाकी देशाचे आकडे हातात होते. हिशेब केल्यावर कळलं की तिथे सीडीयूला सुमारे ४१ हजारांच्या वर दुसरी मतं पडली तर पक्षाची एक जागा कमी होणार! जास्त मतं, कमी जागा. सीडीयूच्या मतदारांनी मग शहाणपणा करून दुसरं मत एफडीपीला दिलं. ३ जुलै २००८ ला न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. तिथून सुरू झालेली दुरुस्त्यांची रांग २०२३ च्या कायद्यापर्यंत आली. एक भोक बुजवायचं तर दुसरं पडायचं.

आकडेमोड्या

जास्त मतं पडली म्हणून जागा कमी!! हे मला झोपू देणार नाही. हिशेब करून पाहतो.

उंबरठ्यापलीकडे

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी हेसेनमध्ये १४ वर्षं आहे, भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण आपला कायदा देत नाही, त्यामुळे आमच्यासाठी प्रश्न तिथेच आहे. कर भरतो, मुलांच्या शाळेच्या पालक समितीत आहे, पण नगरपालिकेलासुद्धा मत नाही. शेजारी दोन वर्षांपूर्वी आलेला पोर्तुगीज आहे, तो युरोपीय संघाचा नागरिक म्हणून स्थानिक निवडणुकीत मत देतो. काही राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क द्यायचा प्रयत्न केला होता. कार्ल्सरूहने १९९० मध्ये तो रद्द केला : सत्ता जनतेकडून येते आणि जनता म्हणजे जर्मन नागरिक.

प्रमाण, भागाकार, न्याय वगैरे वाचताना हे आठवलं म्हणून लिहिलं. तक्रार नाही.

थेम्सतीरी

उंबरठ्यापलीकडे, यात मात्र आमचं बेट पुढे. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणारे इथे पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देतात. मी पहिल्या वर्षीच दिलं होतं.

उंबरठ्यापलीकडे

हे माहीत नव्हतं. हेवा वाटला.

एमपीएससी_वारी

वकीलताई, खूप धन्यवाद, आता विसरणार नाही. जर्मनीचा आपल्या घटनेशी आणखी काही संबंध आहे का? पुस्तकात 'आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित : वायमारकडून' एवढंच आहे.

वकिलीणबाई

आहे, आणि तो पुस्तकात नसेल तर पुस्तक बदल. मूलभूत कायद्याचं कलम ७९(३) सांगतं की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य या गोष्टी घटनादुरुस्तीनेही काढता येणार नाहीत. डीटर कॉनराड नावाच्या हायडेलबर्गच्या जर्मन कायदेतज्ज्ञाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं : घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही गर्भित मर्यादा असतात का? तो विचार वकिलांमार्फत आपल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि २४ एप्रिल १९७३ च्या निकालात न्या. खन्ना यांनी कॉनराड यांचा दाखला दिला. आपली 'मूलभूत चौकट' तिथून आली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण वाटेत बनारस आणि हायडेलबर्ग लागतात एवढं नक्की.

झणझणीत

भारी. ताई, वेगळा धागा काढाच यावर.

माझा शेवटचा प्रश्न. मतदान यंत्रं आहेत का तिथे? (संपादक महोदय, तुलनेपुरतंच विचारतोय.)

नेकारकाठी

नाहीत. २००५ मध्ये काही ठिकाणी वापरली होती. ३ मार्च २००९ ला कार्ल्सरूहने तो वापर घटनाबाह्य ठरवला. कारण असं दिलं : मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत. यंत्रात गडबड झाली असं न्यायालय म्हणालं नाही, आणि यंत्रांवर कायमची बंदीही घातली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये कागदी मतपत्रिकांची मागणी फेटाळली. पण इथे सहा कोटींच्या आसपास मतदार आणि एक मतपत्रिका. आपल्याकडे नव्वद कोटींच्या वर. तुलना करताना हा फरक विसरू नये.

संध्याकाळी सहाला दार बंद होतं आणि त्याच खोलीत टेबलं जोडून मोजणी सुरू. कोणीही जाऊन बघू शकतं. मोजणारे स्वयंसेवक मतदारच असतात, चहापाण्याचे थोडे पैसे मिळतात. सगळं इतकं सुरळीत असतं असंही नाही. बर्लिनमध्ये २०२१ ला मतपत्रिका संपल्या, रांगा लांबल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या ४५५ मतदान केंद्रांवर बुंडेस्टागचं मतदान पुन्हा घ्यावं लागलं.

आकडेमोड्या

एक शंका राहिली. बीएसडब्ल्यू हा नवा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला असं वाचलं. किती मतं कमी पडली, आणि फेरमोजणी मागता येते का?

नेकारकाठी

साडेनऊ हजारांच्या आसपास. पाच कोटींच्या आत-बाहेर मतांमध्ये एवढीच! आणि परिणाम फक्त त्यांच्यापुरता नाही. ते आत आले असते तर तीसच्या वर जागा त्यांना जाऊन मेर्त्स यांच्या युतीचं बहुमतच गेलं असतं. एकूण बघितलं तर सुमारे १४ टक्के मतदारांच्या पक्षांना या वेळी एकही जागा नाही. २०१३ मध्ये हा आकडा १५ टक्क्यांच्या वर होता. वायमारच्या भीतीपोटी घातलेली ही अट, पण इतकी मतं वाया जात असतील तर ती तीन-चार टक्क्यांवर आणायला हवी असं माझं मत.

फेरमोजणीचं म्हणाल, तर थेट न्यायालयात जाता येत नाही. पहिली तक्रार बुंडेस्टागकडेच करायची. बुंडेस्टागची समिती तपासते, सभागृह निर्णय देतं, आणि तो पटला नाही तरच कार्ल्सरूह. म्हणजे ज्यांच्या खुर्च्या जाऊ शकतात तेच पहिले पंच. यात महिनोन्‌महिने जातात, आणि तोवर सरकार आपलं चालू असतं.